बडेबाबूंच्या पासवर्डने

“चौधरी मॅडम, सीधी बात आहे. लॉगिन बडेबाबूंचं, तर काम बडेबाबूंचंच,” प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी एक प्रिंटआउट माझ्यासमोर सरकवला.

त्यातली एक ओळ पिवळ्या पेनने रंगवलेली होती. गुरुवार, दुपारी बारा चाळीस. युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर आमच्या कॉलेजमधल्या दोन मुलींचे प्रॅक्टिकलचे मार्क्स बदलले होते. बदलणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं आमच्या हेडक्लार्कचं. रमेश महाजन. पण त्यांना या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आमच्याकडे मध्य प्रदेशात हेडक्लार्कला बडेबाबूच म्हणतात.

“सर, त्या गुरुवारी बडेबाबू रजेवर होते. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, खंडव्याला.”

“मोबाइल तर जवळ होता ना? पोर्टल मोबाइलवर पण उघडतं.”

ते खरं होतं.

मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे कॉम्प्युटर, नेट, प्रिंटर, पासवर्ड, आणि पंखा बंद पडला तरी लोक मलाच बोलावतात. बावीस वर्षं झाली. यातली सगळी वर्षं बडेबाबू माझ्या शेजारच्या खोलीत बसत आले. मी नवीन लागले तेव्हा लग्नानंतर नाव बदलायला मला कलेक्टोरेटच्या तीन खेपा पडल्या असत्या. त्यांनी माझ्या हातातून फाइल काढून घेतली आणि म्हणाले, “ताई, तुम्ही मशीन सांभाळा. कागद आमच्यावर सोडा.” चौथ्या दिवशी काम झालेलं होतं. कॉलेजात अशी ज्याची त्याची एक तरी गोष्ट होती. त्यांच्या रिटायरमेंटला पाच महिने उरले होते.

तक्रार आणली होती दीपालीने. दीपाली पाटील, बीएस्सी फायनल, तापीपलीकडच्या जैनाबादची. घरी केळीची शेती. तिला केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणाऱ्या एका लॅबने नोकरी देऊ केली होती. अट एकच, महिन्याभरात पास झाल्याची मार्कशीट दाखवायची.

“मॅडम, नोटिस बोर्डवर माझे ट्वेंटी-थ्री होते. मी फोटो पण काढला आहे, हे बघा,” ती म्हणाली होती. “पोर्टलवर एट दाखवतंय. पंचवीसपैकी आठ! प्रॅक्टिकलमध्ये फेल कोण होतं, मॅडम? लॅबवाले म्हणतील लडकी को कुछ आता ही नहीं.”

तिच्या पुढच्याच रोल नंबरच्या मुलीला बोर्डवर आठ होते. पोर्टलवर तेवीस. दोघींच्या आकड्यांची अदलाबदल झाली होती. करणारा हुशार होता. क्लार्क वर्गाची एकूण बेरीज जुळवून बघतो, आणि अदलाबदलीने बेरीज हलत नाही. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नाही, पण पुढच्या महिन्यात तपासणी कमिटी येणार होती आणि त्यांची झोप उडालेली होती.

“असं करा, युनिव्हर्सिटीला मी क्लेरिकल मिस्टेक म्हणून लिहितो. मार्क्स सुधारतील. बडेबाबूंना मी समजावतो, राजीनामा देऊन टाका, इज्जतीने घरी जा. आणि तुमच्याकडे तो लॉग-बिग काय असतो, तो साफ करा. बात खतम.”

लॉग म्हणजे गेटवरच्या चौकीदाराचं रजिस्टर. कोण कधी आला, कुठे गेला, याची मशीनने आपोआप लिहिलेली नोंद. आमच्या कॉलेजचं सगळं नेट फायरवॉल नावाच्या एका डब्यातून जातं. डबा स्टाफरूमच्या माळ्यावर आहे, आणि तोही असं रजिस्टर लिहीत असतो. फक्त तीस दिवसांचं. एकतिसाव्या दिवशी पहिल्या दिवसाची नोंद पुसली जाते. त्या गुरुवारला सव्वीस दिवस झाले होते.

“सर, लॉग मी साफ करणार नाही,” मी म्हणाले. “तक्रार आल्यानंतर तो पुरावा आहे. तो पुसला तर तो माझा गुन्हा होईल. तुम्ही सांगितलं म्हणून तुमचा पण.”

“गुन्हा? अहो, आपल्याच कॉलेजचा डबा आहे!”

“डबा आपला आहे, सर. गुन्हा आपला नाही, अजून तरी.”

त्यांनी प्रिंटआउट परत ओढून घेतला आणि म्हणाले, “दोन दिवस देतो. काय निघतं ते दाखवा.”

मी आधी लॉगची कॉपी काढली, दोन पेनड्राइव्हवर. मग तिची हॅश काढली. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी कुणी बदलला तरी ठसा बदलतो. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत एक प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हा ठसा लिहावा लागतो. एक पेनड्राइव्ह पाकिटात घालून, सील करून, प्राचार्यांच्या सहीने त्यांच्याच तिजोरीत ठेवला.

मग नोंदी वाचायला बसले. गुरुवार, बारा चाळीस. पोर्टल उघडलं होतं कॉलेजच्या आतूनच, स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवरून. खंडव्याहून नाही, मोबाइलवरून नाही. मी खुर्चीत जरा सैल झाले.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. आमच्याकडे नेट वापरायचं तर प्रत्येकाला आपलं वेगळं नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो. बारा पस्तीसला त्या मशीनवर नेट उघडलं होतं विनय सरांच्या नावाने. विनय सर म्हणजे आमच्याकडचे अतिथी विद्वान. वर्षावर्षाच्या करारावर शिकवणाऱ्याला सरकारी भाषेत असं भारदस्त नाव आहे. म्हणजे बाहेरचं दार त्यांच्या किल्लीने उघडलं होतं आणि आतलं कपाट बडेबाबूंच्या.

मी लगेच आनंदून गेले नाही. लॉग किल्ली कुणाची ते सांगतो, हात कुणाचा ते सांगत नाही. बडेबाबूंच्या बाबतीत मी हेच म्हणत होते, तर विनय सरांच्या बाबतीतही तेच म्हणायला हवं. शिवाय एक प्रश्न होताच. बडेबाबूंचा पासवर्ड त्यांना कुठून मिळाला?

उत्तर मला माहीत होतं. अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. बडेबाबूंच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी होती. नातीचं नाव आणि एक-दोन-तीन. “कुणाचं काम अडायला नको,” असं ते म्हणायचे. म्हणून मी पोर्टलवरच्या लॉगिनच्या वेळा लॉगशी जुळवून सहज बघितलं, महिन्याभरात बडेबाबूंचं लॉगिन आणखी कुणाकुणाच्या नेटवरून उघडलंय. तीन नावं निघाली. विनय सर, एकदा. प्राचार्यांचं ऑफिस, चार वेळा. आणि मी स्वतः, सहा वेळा.

सहा वेळा! मला आठवत होतं. एकदा फोटो अपलोड होत नव्हता, एकदा फॉर्मचं प्रिंट हवं होतं. सगळी सोयीची, साधी कामं. पण रिपोर्टमध्ये हे लिहायचं का? कुणी विचारलं नव्हतं. मी लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी बडेबाबू माझ्या खोलीत आले. चेहरा उतरलेला. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

“ताई, मी आठ आणि तेवीस काही बदललं नाही.”

“मला माहीत आहे. लॉगमध्ये निघालंय.”

ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “त्या पोरीचं नुकसान झालं ना पण. माझ्या नावावर झालं.”

मी त्यांना अर्धा लिहिलेला रिपोर्ट दाखवला. त्यात चिठ्ठीचा उल्लेख मी केला नव्हता. ‘पासवर्ड अज्ञात मार्गाने मिळवला गेला’ असं मोघम लिहिलं होतं. त्यांनी अडतीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे तपासले होते. बोट बरोबर त्याच ओळीवर ठेवलं.

“हे काय? अज्ञात मार्ग कसला? काचेखाली होता.”

“बडेबाबू, ते लिहिलं तर तुम्हाला मेमो मिळेल. पाच महिने राहिलेत. सर्व्हिस बुकात जाईल.”

“जाऊ दे ना. झालंय तर झालंय.” त्यांचा आवाज किंचित चढला. “माझी गोष्ट झाकली, अन् उद्या कुणी विचारलं, तर बाकीच्या कागदावर कोण भरोसा करेल? पोरीचं काम अडकेल. लिही तू.”

बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. मी ओळ खोडली आणि खरं ते लिहिलं. मग त्याखाली माझ्या सहा नोंदी लिहिल्या. तारखा आणि वेळेसकट.

“तू पण?” त्यांनी विचारलं.

“मी पण.”

“पगली,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

प्राचार्यांनी रिपोर्ट उभ्यानेच वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर, आपल्या ऑफिसच्या चार नोंदींपाशी, ते खाली बसले.

“मॅडम, हे पण लिहायचं असतं?”

“जे निघालं ते सगळंच लिहिलंय, सर. कायदा त्यात फरक करतो. आयटी अ‍ॅक्टचं सहासष्ट-सी कलम दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपण कुणाला फसवलं नाही, म्हणून आपला तो गुन्हा होत नाही. पण आपण नियम मोडला, ते तर खरं.”

त्यांनी पाणी प्यायलं. मग बेल वाजवून विनय सरांना बोलावून घेतलं.

विनय सरांना मी फक्त प्रश्न विचारले. त्या गुरुवारी बारा पस्तीसला नेट तुम्ही उघडलं होतं का? तुमचा नेटचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे का? पहिल्याला ते हो म्हणाले, दुसऱ्याला नाही. मग मी वेळेच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. त्या बघताच एकदम डोळे भरून आले त्यांचे.

“आठ मिळालेली मुलगी भाची आहे माझी. तिला काही माहीत नाही, सर. दीदीने फोन करून करून… मला वाटलं, दीपाली हुशार आहे, रीचेकिंगमध्ये तिचे वापस येऊन जातील.”

“आणि बडेबाबू?” प्राचार्यांनी विचारलं. “त्यांचं काय वापस येणार होतं?”

मला विनय सरांची दया आली, हेही सांगते. चांगलं शिकवायचे. पण माझं काम तिथे संपत होतं.

प्राचार्यांनी त्या दुपारी जे केलं त्याबद्दल मी त्यांना कायम मानते. त्यांनी ‘क्लेरिकल मिस्टेक’चं पत्र फाडलं. बोर्डवर लावलेली, परीक्षकांच्या सहीची मूळ यादी आणि माझा रिपोर्ट जोडून युनिव्हर्सिटीला नवीन पत्र लिहिलं, आणि एक प्रत घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेले. मला बरोबर नेलं. ऑटोत बसल्यावर म्हणाले, “कमिटी येते तर येऊ दे.” बस, एवढंच.

ठाण्यातल्या साहेबांनी आधी विचारलं, “मॅडम, नंबर ही तो बदले हैं, इसमें सायबर क्राइम क्या?” मी त्यांना पासवर्ड, नोंदी आणि ठसा समजावून सांगितला. तासभर लागला. त्यांनी मग चहा मागवला आणि तक्रार लिहून घेतली.

दीपालीची मार्कशीट बाराव्या दिवशी सुधारून आली. मार्कशीट घ्यायला ती वडिलांना घेऊन आली होती. वडिलांनी केळ्यांचा एक अख्खा घड ऑटोतून उतरवला आणि ऑफिसच्या दारात ठेवला. दीपाली बडेबाबूंच्या पाया पडायला वाकली तर ते म्हणाले, “मला काय करते, बेटा? माझ्यामुळेच तर झालं होतं.” ती आता त्या लॅबमध्ये आहे. भाचीने पुढच्या खेपेला प्रॅक्टिकल पुन्हा दिलं आणि सतरा आणले, स्वतःचे.

विनय सरांचा करार संपवला गेला. मेमो तिघांना मिळाले. बडेबाबूंना, मला, आणि व्यवस्थापनाकडून प्राचार्यांनाही. आमच्या तिघांच्या पोचपावत्या बडेबाबूंनीच फाइलला लावल्या, नंबर टाकून. पाच महिन्यांनी त्यांचा निरोपसमारंभ झाला. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती.

केस उभी राहायला दीड वर्ष गेलं. साक्षीला मी गेले. विनय सरांचे वकील तयारीनिशी आलेले होते. आवाज चढवून त्यांनी विचारलं, “मॅडम, हे खरं आहे का, की हाच पासवर्ड तुम्ही स्वतः पण वापरला होता?”

“हो. सहा वेळा. तारखा रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर आहेत.”

“आणि महाजन यांनी तो टेबलावर उघडा ठेवला होता?”

“हो. दुसऱ्या पानावर आहे.”

वकिलांनी पानं उलटली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “और कुछ?”

“नो फर्दर क्वेश्चन्स,” वकील म्हणाले आणि बसले.

निकाल अजून लागायचा आहे. पण आता नवीन स्टाफला मी ट्रेनिंग देते तेव्हा कलमं शेवटी सांगते. आधी सांगते की रिपोर्टमध्ये आपली चूक आपणच आधी लिहावी. वकिलाच्या तोंडून ती फार मोठी ऐकू येते.