कूलरची नळी

कूलरच्या ओल्या खसचा वास आला की मला हटकून पेट्रोल आठवतं. लेक नऊ वर्षांची असताना तिच्या स्वस्तातल्या, लहान मुलांच्या बुटक्या चायना बाइकची पेट्रोलची नळी फुटली. गल्लीतल्या मिस्त्रीने हातही न लावता सांगितलं, "पार्ट भेटत नाही भाऊ. अन् पोरीले काहून पाहिजे गाडी?" त्या दुसऱ्या वाक्याने मी पेटलो. घरी येऊन भर मे महिन्यात कूलरची खसवर पाणी चढवणारी नळी कापली, बाइकला जोडली आणि किक मारली. असा धडाका उठला की कामठीच्या छावणीत जवान सावधान झाले असतील! लेकीने मिस्त्रीच्या दुकानासमोर तीन चकरा मारल्या आणि ती ओरडली, "काका, पार्ट भेटला!" बायकोने विचारलं, "आता कूलरचं काय करता जी?" नवी नळी कुठंही मिळते, पण मी आजही खसच्या ताट्यांवर मग्ग्याने पाणी ओततो, ऐटीत.