केमोच्या दिवसांतल्या माझ्या गोड गोळ्या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अजून सांगतात, की केमोच्या वेळी काकूंच्या उलट्या काकांच्या होमिओपॅथीने थांबल्या. ते काका म्हणजे मी, आणि ते खरं नाही. हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

मी डॉक्टर नव्हे. मानपाड्याकडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. होमिओपॅथीची जाडजूड पुस्तकं वाचून शिकलो आणि संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट औषध द्यायला लागलो. दाराशी चपलांची गर्दी व्हायची. स्वप्नं कसली पडतात, गार आवडतं की गरम, असं मी खोदून खोदून विचारायचो. आत ही आल्याचा चहा टाकायची आणि तिथूनच म्हणायची, "अहो, त्यांना सर्दी झालीय. लग्न जुळवायचं नाहीये." सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या संध्याकाळी फार सुखाच्या होत्या.

मग हिला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात केमो सुरू झाली. डॉक्टरांनी मळमळीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्रास होवो न होवो, वेळेवर घ्यायच्या, असं बजावलं. मी ती पाकिटं कपाटात ठेवून दिली. ती औषधं माझ्या औषधाचा गुण मारतील, असं मला वाटत होतं. "केमो त्यांची, उलट्यांचं मी बघतो," मी म्हणालो.

"बघा. घरबसल्या पेशंट मिळालाय," ती म्हणाली आणि जीभ पुढे केली.

उलट्या इतक्या झाल्या की पाण्याचा घोटही पोटात ठरेना. शेजारी लसणाची फोडणी पडली तरी ही नाकाला पदर लावून बाल्कनीत जायची. मी पुस्तक चाळून गोळी बदलायचो. ती मुकाट्याने घ्यायची. शेवटी सलाईन लावायला न्यावं लागलं. नातेवाईक म्हणाले, "वहिनी पहिल्यापासूनच नाजूक." तीन बाळंतपणं आणि सासूचं आजारपण काढलेली बाई माझ्यामुळे नाजूक ठरली.

पुढच्या केमोनंतरही तेच झालं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"घेते की," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"गोळ्या घेऊनही एवढा त्रास होत असेल, तर केमोचा डोस कमी करावा लागेल. कदाचित थांबावंही लागेल."

परत येताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "थांबवलं तर बरंच होईल. मला नाही हो सोसत." मी रिक्षावाल्याला म्हटलं, "मागे घ्या."

"काय विसरलात?" हिने विचारलं.

"सांगायचं राहिलं."

त्यांच्या गोळ्या मी हिला दिल्याच नाहीत, हे डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. मळमळ एकदा चढली की गोळीचा जोर पुरत नाही, म्हणून ती आधी घ्यायची असते, असं त्यांनी समजावलं. गोळ्या बदलून दिल्या, पण केमोचा डोस तसाच ठेवला.

पुढच्या वेळी मी घड्याळ लावून त्या गोळ्या दिल्या. स्वयंपाकघरात फोडणी बंद केली. गार झालेला मऊ भात, मेतकूट, आमसुलाचं सार असं थोडं थोडं, वाटीवाटीने भरवलं. मळमळ होती, पण अन्न ठरायला लागलं. एका दुपारी ती म्हणाली, "भाकरीचा पापुद्रा खावासा वाटतोय." मी केलेली भाकरी कडेने फाटली होती. "नकाशा छान जमलाय," म्हणत तिने ती चवीने खाल्ली. सगळ्या केमो पूर्ण झाल्या. नंतर बरीच वर्षं ती माझ्याबरोबर होती.

सोसायटीत मात्र तिनेच सांगितलं, "ह्यांच्या गोळ्यांनी उतार पडला." माझा मान राखायला सांगितलं, आणि मी तो राखू दिला.

ती जाऊन आता काही वर्षं झाली. परवा खालच्या मजल्यावरचा मुलगा आला. त्याच्या आईची केमो सुरू होणार आहे. "काका, काकूंना दिलेल्या त्या गोळ्या हव्या होत्या."

मी त्याला बसवून वर लिहिलं ते सगळं सांगितलं.

"पण काकू तर म्हणायच्या—"

"काकू मला सांभाळून घेत होत्या रे."

तो म्हणाला, "मग दोन्ही देऊ का? आईचा तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वास आहे म्हणूनच सांगतोय. डॉक्टरांनी दिलेल्याच दे, बरं वाटत असलं तरी वेळ चुकवू नकोस. पाणीही ठरलं नाही तर लगेच त्यांना फोन कर."

"आईला काय सांगू?"

"चल, मीच येतो," म्हणून मी चपला घातल्या.