न खोललेलं चाक

मिस्त्रींचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. बायकोचं कोपर बरगडीत बसलं की ते उठून बसायचे, अंधारात पायाने चपला चाचपडायचे आणि तोंड धुवायला जायचे. मनगटावर आकड्यांचं जुनं घड्याळ होतं. पूर्वी ते पाचला वाजायचं, शिवाय दर तासाला एकदा टिटी करायचं. सात-आठ महिन्यांपूर्वी त्याचा आवाज गेला, असं मिस्त्रींनी धरून टाकलं होतं. वेळ बरोबर दाखवत होतं, म्हणून दुरुस्तीच्या भानगडीत ते पडले नाहीत. उठवायला बायको होतीच.

साडेसहाला ते गॅरेजात असायचे. इतर लोक आठला येत. मधल्या दीड तासात मिस्त्री पाने पुसून ओळीने लावत, जॅकमध्ये तेल बघत, फरशीवर सांडलेलं ग्रीस भुशाने काढत. बत्तीस वर्षं त्यांनी फक्त ब्रेकचं काम केलं. इंजिनाला हात लावला नाही. चाकाचा नट आधी हाताने फिरेल तितका फिरवायचा, मगच पाना लावायचा. पान्यावर पाय देणारा माणूस त्यांच्या नजरेतून कायमचा उतरायचा.

पण लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या कानासाठी. गाडी आली की मिस्त्री ती मागच्या गल्लीत न्यायचे. गल्लीला एका बाजूने लांबच लांब भिंत होती. काचा खाली करून, भिंतीला लागून, गाडी हळू न्यायची आणि मध्येमध्ये ब्रेक दाबायचा. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून आत येतो. पेडल पायाला मऊ लागलं तर पाइपात हवा. गाडी एका अंगाला ओढली तर त्या बाजूचं काहीतरी अडकलेलं. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. आणि बारीक चीं आली तर पॅड संपत आले. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते, एवढंच तिचं काम. ते ऐकून पॅड बदलले तर बदलले. नाही तर पुढे लोखंडावर लोखंड घासून खरखर सुरू होते, तेव्हा डिस्कही गेलेली असते.

मिस्त्रींचा एक नियम होता. गाडी बोलल्याशिवाय चाक खोलायचं नाही. दुसऱ्या गॅरेजांत चारही चाकं खोलून, चांगले पॅड काढून, गिऱ्हाइकाला घाबरवून नवे बसवत. मिस्त्री गल्लीतून एक फेरी मारून सांगत, "अजून सहा महिने बघायला नको." आणि सहा महिने काही होत नसे. या नियमाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता.

त्या गुरुवारी पहिली गाडी नर्सबाईंची होती. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा.

"मिस्त्री, पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. "ब्रेक दाबला की चीं करते."

"कोणत्या चाकातून?"

"ते तुम्ही सांगायचं. मी सांगू लागले तर तुम्हाला इंजेक्शनं द्यावी लागतील."

मिस्त्रींनी त्यांना शेजारी बसवून गल्लीत फेरी मारली. ब्रेक दाबला.

"ऐकलंत?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"आत्ता आलं की."

मिस्त्रींनी पुन्हा दाबला. टायरची घरघर आली, एका खड्ड्याचा धक्का आला. बाकी काही नाही. गॅरेजात येऊन ते गुडघ्यावर बसले आणि बॅटरी लावून चाकाच्या फटीतून आत बघितलं. पॅड जाड होता.

"भरपूर आहे अजून. धूळ बसली असेल. पाणी मारून देतो."

"मागच्या वेळीही पाणीच मारलंत."

"मग धूळही परत बसली."

नर्सबाईंनी किल्ली घेतली. "तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल," म्हणाल्या आणि गेल्या. दर गुरुवारी त्या डोंगरावरच्या दवाखान्यात जात. अकरा किलोमीटर, नुसती वळणं. दोनला त्या खाली निघत.

त्यानंतर मिस्त्रींचं कशात चित्त लागेना. एक नट हातातून पडला, तो शोधायला दहा मिनिटं गेली. घट्ट केलेला स्क्रू त्यांनी पुन्हा तपासला आणि थोड्या वेळाने पुन्हा. पाणी प्यायला गेले आणि न पिता परत आले. बाई म्हणाल्या, आत्ता आलं की. त्या काही उगाच बोलणाऱ्या नव्हत्या. मग ते आलं कुठून आणि गेलं कुठे?

दुपारी वीज गेली. कंप्रेसर थांबला, ठोकाठोकी थांबली. मिस्त्री आणि टायरवाला जुन्या टायरांच्या ढिगावर डबा उघडून बसले. टायरवाला वीस वर्षांचा सोबती, फाटक्या तोंडाचा.

"बारा," घास चावत तो म्हणाला. "तुमचं घड्याळ काही चुकत नाही बुवा."

"तुला कसं दिसलं? तोंड तर तिकडे आहे तुझं."

"दिसायला कशाला पाहिजे? वाजलं ना."

"ते बंद आहे. आठ महिने झाले."

टायरवाला हसला. "बंद? मिस्त्री, ते दर तासाला माझं डोकं खातं. गेल्या महिन्यात ते तुमच्या हातासकट कापायचा विचार होता माझा."

मिस्त्रींनी घड्याळ काढलं. कडेचं बटण दाबून ठेवलं की ते वाजत राहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते दाबलं. कानाशी धरलं. मग टायरवाल्याकडे बघितलं.

"वाजतंय?"

"चांगलं बोंबलतंय. सोडा ते."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कशाला करू? जेवतोय मी."

मिस्त्रींनी दुसऱ्या कानाशी धरलं. रस्त्यावरून ट्रक गेला, तो ऐकू आला. पलीकडच्या दुकानात कुणी शिंकलं, ते ऐकू आलं. टायरवाल्याचं मचमच चावणंही ऐकू आलं. घड्याळ तेवढं गप्प होतं. त्यांनी बटण सोडलं तशी टायरवाल्याची आक्रसलेली भुवई सैल झाली. ती भुवई बघून मिस्त्रींची खात्री पटली.

बारीक आवाज गेला होता. जाड होता तिथेच होता. आणि पॅडची जीभ बारीकच ओरडते.

डबा तसाच टाकून त्यांनी नर्सबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दवाखान्यात त्या फोन पिशवीत ठेवत. चढावर ब्रेक फारसा लागत नाही, त्या वर सुखरूप पोचल्या असतील. प्रश्न खाली येण्याचा होता.

मालक टेबलाशी बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"मालक, तुमची स्कूटर पाहिजे."

"कशाला?"

"नर्सबाईंची गाडी चाक न खोलता सोडली."

"मग उद्या बोलवा."

"उतार आज आहे."

"आज तीन गाड्या द्यायच्यात, मिस्त्री. गेलात तर खाडा धरीन."

"धरा," मिस्त्री म्हणाले आणि खुंटीवरची किल्ली घेतली. कपाटातून बाईंच्या गाडीचे पॅड घेतले, मालकांच्या समोरच्या कागदावर ते आपल्या नावावर लिहिले. जॅक दोन पायांच्या मध्ये ठेवला, पाने पिशवीत टाकले.

स्कूटर चढाला दमायला लागली. प्रत्येक वळणावर मिस्त्री मान पुढे काढून वरून येणारी गाडी बघत. पांढरी. लाल. एक टेम्पो. बाईंची करडी होती. वळणाच्या कठड्याला कुठे नवा ओरखडा दिसला की स्कूटर हळू करून खाली डोकावत. आणि डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं, ते थांबेना. आठ महिने. या आठ महिन्यांत अशा किती गाड्या भिंतीला लावून नेल्या आणि सोडून दिल्या? ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची. दूधवाल्याची. ती जुळ्यांची आई, मागच्या सीटवर बाळांच्या दोन खुर्च्या बांधलेली. मिस्त्रींना माणसांची नावं लक्षात राहत नसत, चाकं राहत. ती एकेक करून समोर यायला लागली.

दवाखान्याच्या फाटकात करडी गाडी समोरूनच येत होती. दोन वाजायला अजून तासभर होता. मिस्त्रींनी स्कूटर आडवी घातली.

नर्सबाईंनी काच खाली केली. "मिस्त्री? काय झालं?"

"उतरा. पुढची चाकं खोलायची आहेत."

"आत्ता? मागे पेशंट आहे. मनगट मोडलंय, खाली प्लास्टरला नेतेय."

मागच्या सीटवर एक म्हातारी हात झोळीत घेऊन बसली होती. ती पुढे वाकली. "माझा हात मोडलाय," ती म्हणाली, "चाक नाही."

"आजी, वीस मिनिटं द्या."

"सकाळी पडल्यापासून सगळ्यांना वीसच मिनिटं देतेय."

मिस्त्रींनी मागच्या चाकांना दगड लावले, जॅक लावला. डावं चाक ठीक होतं. उजवं काढलं आणि बॅटरी लावली. बाहेरचा पॅड जाड, सकाळी दिसला तसाच. आतला कागदाइतका उरलेला. ज्या पिनवर सगळं सरकतं ती गंजून अडकली होती, म्हणून सगळा भार आतल्या पॅडवर पडला होता. पत्र्याची जीभ घासून आरशासारखी चकाकत होती. डिस्कवर बोटाला लागतील असे चरे.

त्यांनी बाईंना खाली वाकायला लावलं आणि दाखवलं.

"हे सकाळी दिसलं नाही तुम्हाला?"

"फटीतून बाहेरचा दिसतो. आतला आवाजानेच कळतो."

"आवाज तर येत होता."

"तुम्हाला येत होता," मिस्त्री म्हणाले. "मला येत नाही."

बाई उभ्या राहिल्या. "कधीपासून?"

"झाले असतील आठ महिने. कळलं आज बाराला."

नर्सबाईंनी त्यांच्या कानामागे हात नेला. थोड्या वेळाने दुसऱ्या कानामागे.

"काय करताय?"

"बोटावर बोट घासतेय. बत्तीस वर्षं ठोकाठोकीत काढलीत. आधी बारीक आवाज जातात."

"परत येतात?"

"नाही येत. मशीन लावता येतं, तपासून घ्या. पण गेलं ते गेलं."

मिस्त्रींनी मान हलवली आणि पिन सोडवायला घेतली. ती हलेना. ठोकायची नव्हती, ठोकली तर वाकते. तेल सोडलं, थांबले, थोडी फिरवली, उलटी फिरवली. हाताला घाम सुटला होता, बोटं निसटत होती.

"याला जमतंय ना?" म्हातारीने विचारलं.

"यांनाच जमतं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी ते ऐकलं. बाईंचा आवाज नीट ऐकू आला, म्हणून अधिकच लागला. पिन निघाली. घासून साफ केली, ग्रीस लावून बसवली, दोन्ही बाजूंना नवे पॅड घातले. चाकं लावून ते गाडीत बसले आणि पेडल दाबत राहिले. नव्या पॅडनंतर पहिल्यांदा पेडल पार तळाला जातं. ते कडक होईपर्यंत गाडी इंचभर हलवायची नसते. सातव्यांदा ते कडक झालं.

"दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. डिस्क जोडीने बदलाव्या लागतील, त्या उद्या मी बदलतो. मी पुढे आहे."

अकरा किलोमीटर ते स्कूटरवरून हळू उतरले. दर वळणावर मागे बघत. कानावर विसंबायची सवय जात नव्हती. मान सारखी उजवीकडे कलत होती.

संध्याकाळी मालकांसमोर त्यांनी एकतीस गाड्यांची यादी ठेवली.

"या सगळ्या परत बोलवा. चाकं खोलून बघायची आहेत."

"काय सांगायचं लोकांना? आमच्या ब्रेकवाल्याला ऐकू येत नाही?"

"विचारलं तर तेच सांगायचं."

"मग तुम्हाला ठेवून करू काय?"

"हात शाबूत आहेत. यापुढे प्रत्येक चाक खोलीन. बोललं तरी, नाही बोललं तरी."

"वेळ दुप्पट जाईल."

"जाईल. मी पाचला उठतो."

मालकांनी यादी दोनदा वाचली. शेवटी म्हणाले, रविवारी करा, गॅरेज बंद असतं तेव्हा. तुमच्या वेळेत. आणि सामान तुमच्या पगारातून. मिस्त्रींनी हो म्हटलं. त्यांनीही तेच ठरवलं होतं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत ऐकत होती. फडकं थांबलं.

"म्हणजे पाचला घड्याळ वाजतं ते तुम्हाला ऐकूच येत नाही?"

"नाही."

"आठ महिने मी समजतेय, ऐकून लोळत पडता. म्हणून तर कोपर मारत होते. आणि मी बोलते ते?"

"ते येतं."

"सगळं?"

"बरंचसं."

"चांगली सोय झाली तुमची," ती म्हणाली. मग ट्रंकेतून पाकीट काढून तिने त्यांच्यापुढे ठेवलं. वर्षभराच्या पगारातून मोरीला नवी फरशी बसवायला बाजूला टाकलेले पैसे होते ते. गेल्या वर्षी ती तिथे घसरून पडली होती.

"हे नको," मिस्त्री म्हणाले. "कर्ज काढीन."

"मी बघून पाय टाकीन. त्या गाड्यांतली माणसं काय बघणार आहेत?"

नऊ रविवार गेले. एकतीसपैकी अठ्ठावीस गाड्या आल्या. दोघांनी फोनच ठेवून दिला, एकाने गाडी विकली होती. विकलेल्या गाडीचा नवा मालक मिस्त्रींनी शोधून काढला आणि त्याच्या दारात जाऊन चाकं खोलली. ती ठीक होती. फोन ठेवणाऱ्या दोघांचं मात्र अजून मनातून जात नाही. रस्त्यात त्यांच्या गाड्यांच्या रंगाची गाडी दिसली की मिस्त्री थांबतात आणि नंबर बघतात.

आलेल्यांपैकी तीन वाईट निघाल्या. त्यांत एक जुळ्यांच्या आईची. तीन गाड्यांचे पुढचे पॅड, दूधवाल्याच्या एका चाकाची पिन आणि नर्सबाईंच्या गाडीच्या दोन नव्या डिस्क, एवढ्यात ते पाकीट रिकामं झालं.