फॅमिली डॉक्टरांचं लेखी उत्तर

आमच्या ठाण्याच्या अ‍ॅक्सिडेंट हॉस्पिटलातले किस्से कपाटामागे पडलेल्या जुन्या एक्स-रेंसारखे आहेत. न्यायला कोणी येत नाही, फेकवत नाहीत, आणि कपाट हलवलं की धडाधड अंगावर पडतात!

नव्वदीची सुरुवात होती. मी नुकतीच बीएस्सी झाले होते. माझं काम एकच: हाड मोडलेला पेशंट घरी निघाला की त्याच्या फॅमिली डॉक्टरला पत्र लिहायचं. काय मोडलं, काय केलं, प्लास्टर कधी काढायचं. उलट त्यांनी पेशंटची जुनी दुखणी आम्हाला कळवायची. कल्पना माझीच! आमचे मोठे सर पासष्टीचे. म्हणाले, "तीस वर्षं पत्राशिवाय हाडं जुळतायत. तीन महिने देतो. एका तरी डॉक्टरचं लेखी उत्तर दाखव, नाहीतर टेबल बंद. फोनवरचं उत्तर धरणार नाही."

सगळी हयात हाडं जोडण्यात गेली, पण दोन डॉक्टर एकमेकांना जोडायचे म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या!

*

पहिला आला तो फोनच. डोंबिवलीचे एक म्हातारे डॉक्टर, आवाज तापलेला.

"हा माणूस वीस वर्षं माझा पेशंट आहे. मला न विचारता त्याने पाय मोडलाच कसा?"

मी म्हटलं, "डॉक्टर, जिन्यावरून पडताना त्यांना विचारायला वेळ मिळाला नसेल."

"तुमच्याकडे यायला बरा वेळ मिळाला!" आणि फोन आपटला.

*

कोलशेतच्या एका कोळी आजीचा हात मोडला. पलंगाभोवती अकरा नातेवाईक. मी विचारलं, "फॅमिली डॉक्टर कोण?" अकराच्या अकरा एकदम बोलायला लागले. तापाचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा, आणि ज्याची सुई दुखत नाही तो तिसरा.

"मग हाताचं पत्र कोणाला लिहू?"

आजी म्हणाली, "तिघांना ऱ्हाऊ दे बाय. माझे सुनेला लिव. सा आठवडे चूल तिची!"

*

ठाकुर्लीच्या डॉक्टरांनी तर माझं पत्र दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. मग फोन.

"तुम्ही सहा आठवडे प्लास्टर म्हणता. इथे चौघांचं मत आठ आठवडे आहे."

"आणि तुमचं?"

"मी बहुमताबरोबर!"

"डॉक्टर, प्लीज, एवढं लिहून पाठवा ना!"

"लेखी कशाला? सगळ्यांसमोर ठरलंय."

*

तीन महिने संपायला एक दिवस उरला. फाईल कोरी. मी ड्रॉवर आवरायला घेतलेला.

तेवढ्यात शहाडचे भोईरकाका व्हीलचेअरवरून शेजारच्या प्लास्टरच्या खोलीत आले. त्यांचं मांडीपासूनचं प्लास्टर कापायचं होतं, कारण हाड नीट जुळलं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. मी सवयीने विचारलं, "काका, डॉक्टरांनी उत्तर दिलं का?"

"दिलाय ना!" म्हणत त्यांनी लेंगा वर केला. अख्खं प्लास्टर निळ्या शाईने भरलेलं! "डाक्टर बोलले, भोईर, तू कागद हरवशील. पाय नाय हरवणार."

प्लास्टर कापणाऱ्याने करवत उचललेलीच. "थांबा! रेकॉर्ड आहे!" मी ओरडले आणि व्हीलचेअर थेट सरांच्या केबिनमध्ये घातली.

सरांनी चष्मा लावला. 'सप्रेम नमस्कार' गुडघ्यावर होता. घोट्यापर्यंत वाचून त्यांनी मान वर केली. "पुढे?"

"पोटरीवर, सर."

"मग पान उलट."

आम्ही काकांना उलटं केलं. पोटरीवर लिहिलं होतं: 'यांना मधुमेह आहे, स्वतःहून सांगणार नाहीत. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन करू नये.'

सर भडकले. "अहो, मला का नाही सांगितलंत?"

काका पालथेच म्हणाले, "तुमी हाड इचारलंत. साखर कुठं इचारलीत?"

सरांनी चष्मा पुसला. "उद्याचं ऑपरेशन रद्द. आधी यांची साखर तपासा." मग माझ्याकडे न बघता, "टेबल राहू दे तुझं."

मी हसणार, तोच म्हणाले, "आणि हे मूळ पत्र आजच फाईलला लाव."

काकांनी दोन्ही हातांनी पाय घट्ट धरला.

"सायेब, झेरॉक्स नाय चालणार?"