डिपॉझिट कुणाच्या हातात

शिरूरची खोली मी मुदतीआधी सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. तरी कुणी भाडेकरूचं डिपॉझिट अडकवल्याचं ऐकलं की माझं डोकं अजून तडकतं. समोरच्याचं निम्मंही ऐकून न घेता मी विचारते, "पैसे मुळात कुणाचे होते?" लोकांना वाटतं, बाई भांडखोर आहे. आहेच.

आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. मी रक्त-लघवी तपासायच्या एका लहानशा लॅबमध्ये कामाला होते, दुसरी एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, तिसरी रांजणगावला कारखान्यात पॅकिंगला जायची. प्रत्येकीनं घरमालकाकडे दोन-दोन हजार डिपॉझिट ठेवलं होतं. घरमालकांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. मार्केट यार्डात त्यांची आडत होती, घराला रस्त्याच्या बाजूनं ऐसपैस ओटा होता, आणि येणारा-जाणारा त्यांना रामराम घातल्याशिवाय पुढं सरकत नसे. माणूस वाईट नव्हता. पाण्याला कधी आडकाठी केली नाही, लाइट गेली तर स्वतःचा कंदील आणून द्यायचे. पण आम्ही पोरी म्हणजे कुणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला ठेवलेलं सामान, अशी त्यांची पक्की समजूत होती.

माझे दोन हजार आईचे होते. आमच्या घरानं आजोबांच्या वेळीच मेंढ्यांचा कळप मोडून भीमेकाठी शेती धरली. मेंढ्या उरल्या होत्या त्या दोनच, आणि त्या आईच्या. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या मेंढीच्या पोटच्या. जमीन, बैल, विहिरीतला वाटा सगळं वडिलांचं. आईचं म्हणावं असं घरात तेवढंच. मला शिरूरला खोली घ्यायची म्हटल्यावर त्या दोन्ही तिनं वडिलांबरोबर तळेगावच्या बाजारात नेऊन विकल्या. पैसे वडिलांनी खिशात घालून आणले आणि आप्पांच्या हातात दिले. तेवढ्यावरून पुढचं रामायण घडलं.

मला दौंडला एका मोठ्या लॅबमध्ये जागा मिळाली. पगार चांगला होता, राहायला खोलीही बघून ठेवली होती. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "एक तारखेला डिपॉझिट आण आन् राहायला ये." माझ्याजवळ दुसरे पैसे नव्हते. आप्पांकडून मिळतील तेच तिकडे भरायचे होते. ते मिळाले नाहीत तर गावी परत जायचं, आणि गावी वडिलांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केलेलीच होती.

आप्पा म्हणाले, "अकरा महिन्यांचं बोलणं झालं व्हतं. मधीच सोडल्यावर डिपॉझिट कसं मिळंल?"

बोलणं झालं होतं, हे खरं. मी विचारलं, "माझ्या जागी दुसरी आणली तर?"

"आण की."

नर्सनं तिच्या मावसबहिणीला आणलं. तिनं स्वतःचे दोन हजार दिले, आप्पांनी ते मोजून खिशात घातले. मग मी हात पुढं केला.

"वडलांस्नी पाठव," आप्पा म्हणाले. "त्यांनी दिल्यात, त्यांच्याच हातात दीन. पोरीच्या हातात येवढी रक्कम द्यायची म्हंजी जोखीम हाय."

"आप्पा, दर महिन्याचं भाडं माझ्या हातातनं घेताना जोखीम वाटली न्हाई का?"

ओट्यावर बसलेले दोघंजण हसले. आप्पा हसले नाहीत. "लई शिकलीस," म्हणाले आणि आत गेले.

वडिलांनी ते पैसे घेतले असते आणि गावच्या परतीच्या एस्टीत मलाही बसवलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मला रडू आलं नाही, राग आला. मी खोली सोडली नाही. नवी मुलगी सामान घेऊन आली होती, मी गेले नव्हते. तिघींच्या खोलीत चौघी झोपू लागलो. आप्पांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "अकरा महिन्यांचं बोलणं झालंय की आपलं." आणि गावच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला, की आईला म्हणावं बाजारच्या दिवशी ये, एकटीच ये.

आई सकाळच्या जीपनं आली. माझं सगळं ऐकून घेतलं, चहासुद्धा न घेता ओट्यापाशी गेली.

"या अक्का," आप्पा म्हणाले. "मालक न्हाई आलं?"

"न्हाई. मेंढ्या माझ्या व्हत्या."

"व्हय, पर मालक आलं की देतो."

"मग बसते," म्हणाली, आणि घोंगडं अंथरून ओट्यावर बसली.

बाजारचा दिवस, रस्त्यावर अर्धा तालुका. आप्पांना रामराम घालायला जो थांबे, तो आईला विचारी, "कुठल्या पाव्हण्या?" आणि आई त्याला सगळं सांगे. तिच्या वडिलांनी लग्नात मेंढी दिली तिथपासून. तिच्या पोटच्या दोघींपैकी एकीच्या डोळ्याभोवती काळा डाग होता, ती हाक मारली की यायची. तळेगावच्या बाजारात दुसऱ्यानं दोरी धरली तरी ती मागं वळून आईकडेच बघत होती. "त्यांचं पैशे आप्पांकडं हायती. आप्पा द्यायला तयार हायती, पर मला न्हाई," असं म्हणून ती थांबायची. आवाज चढवला नाही, आप्पांना एक वावगा शब्द बोलली नाही. मी बाजूला उभी होते. मला आधी हसू येत होतं. मेंढ्या विकताना तिला इतकं लागलं होतं, हे मला त्या ओट्यावर कळलं.

एक म्हातारे मामा सगळं ऐकून म्हणाले, "आप्पा, मेंढरं बाईची, मग पैसं बाप्याला कशापायी?"

"तसं न्हाई वो मामा," आप्पा म्हणाले आणि आडतीवर निघून गेले. पण गोष्ट त्यांच्या आधीच तिथं पोचली होती. दुपारी ते जेवायला आले, तर त्यांचीच बायको आईशेजारी बसून काळ्या डागाच्या मेंढीचं पुन्हा पहिल्यापासून ऐकत होती.

आप्पा न जेवताच नोटा घेऊन बाहेर आले आणि आईपुढं धरल्या. आईनं हात मांडीवरून हलवला नाही.

"तिच्या हातात द्या," ती म्हणाली. "जोखीम तिचीच हाय."

त्यांनी दिल्या. मी त्यांच्यासमोर मोजून घेतल्या. खरं तर गरज नव्हती, आप्पांनी एक रुपया कमी दिला नसता. पण मला मोजायच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन मी दौंडला गेले. घरी काय झालं ते पुढं भावाकडून समजलं. आई परतली तेव्हा वडील दारातच बसले होते.

"पैशे आणलं का?"

"दौंडला गेलं."

"आन् पोरगी?"

"ती बी."