मांजरपाटाची खोळ

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासच्या कारखान्यात संगणकावर एका सोफ्याची पाठ वळवत बसले होते. काकीचा आवाज अगदी सपाट होता. "हे गेले गं. तू ये." मी संगणक बंद केला, उठले, आणि त्या कारखान्यात परत पाऊल ठेवलं नाही. आता दीड महिना झाला. दुःखाने माणूस मवाळ होतो म्हणतात... मी काही झाले नाही.

दत्तूकाका धारला सोफे-खुर्च्यांच्या गाद्या मढवायचे. आमचे पूर्वज संस्थानिकांबरोबर इकडे आले, मेण्यांच्या गाद्या शिवायचे, असं ते सांगत. खरंखोटं देव जाणे. त्यांची एक रीत होती. नवी खुर्ची झाली की आधी तिच्यावर स्वस्त मांजरपाटाची खोळ चढवायची आणि घरातल्या सगळ्यांनी आठवडाभर त्यात बसायचं. मग ती ताणलेली खोळ उसवून तिच्यावरून खरं कापड बेतायचं. "फोम रिकामा असतो तेव्हा एक, माणूस बसला की दुसरा," ते म्हणायचे. "कपडा त्या दुसऱ्यालाच शिवायचा, बेटा." संगणकावर गोलाई काढायला मी कॉलेजात शिकले, ती गोलाई माणसाखाली कुठे दबते, हे मला काकांनी शिकवलं.

आणि मी काय केलं? कारखान्याच्या साहेबांना गोल पाठीची खुर्ची हवी होती. मी काकांच्या खुर्चीची उसवलेली खोळ आणली, एकेका तुकड्याचं माप घेतलं आणि खुर्ची संगणकात जशीच्या तशी उभी केली. ती काकांच्या नावाने निघेल असं साहेबांनी कबूल केलं होतं. मी काकांना तसा शब्द दिला.

खुर्ची बाजारात आणायच्या दिवशी काका कडक इस्त्रीचा सदरा घालून देवासला आले. पाटीवर नाव साहेबांचं होतं. काकांनी ते वाचलं आणि नेहमीप्रमाणे खिशातली पुडी काढून पहिल्या खुर्चीच्या पायाला कुंकवाचं बोट लावलं. साहेब पाहुण्यांसमोर हसून म्हणाले, "अरे भिया, दाग लग जाएगा," आणि त्यांनी फडकं मागवलं. काकांनी ते फडकं स्वतःच घेतलं आणि स्वतःच पुसलं. मी शेजारी उभी होते. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिले. बसस्टँडवर त्यांनी एकदाच विचारलं, "खुर्ची तर आपलीच होती नं, मधू?" पुन्हा कधी विषय काढला नाही...

साहेबांवर माझा राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे. स्वतःवरही आहे, त्याचं माझं मी बघून घेईन.

परवा दुकान आवरायला धारला गेले. काकांची शेवटची खुर्ची अजून मांजरपाटातच होती. मी कात्री उचलली तर काकी म्हणाली, "उसवू नको. शेवटचा महिना हे यातच बसून होते." डाव्या खांद्यापाशी कापड ताणलेलं होतं, काका डावीकडे कलून बसायचे. मी कात्री खाली ठेवली.

तेवढ्यात साहेबांचा फोन. माझीच खुर्ची संगणकात आडवी ताणून त्यांच्या लोकांनी तीन माणसांचा सोफा केला होता. खांद्यापाशी सुरकुत्या पडत होत्या, माल परत येत होता. "काकाजी कुछ तो करते थे ना? आपको तो पता होगा."

"पता है," मी म्हटलं. "आपको नहीं बताऊँगी."

ते पाटी बदलायचं बोलू लागले. ती वाचायला आता काका नाहीत. मी फोन ठेवला.

ती खुर्ची दुकानात तशीच राहील. रीत मात्र मी मुद्दाम वर सगळी लिहिली आहे, मढवणाऱ्या प्रत्येकाने खुशाल वापरावी. साहेबांना मराठी वाचता येत नाही. कुणाला तरी समोर बसवून हे वाचून घ्यावं लागेल, आणि तेव्हा हेही ऐकावं लागेल: ही रीत आणि ती खुर्ची दत्तात्रय गणपत शेलार, राहणार धार, यांची आहे.