मार्थाबाईंचे शिस्तीचे दात

मार्थाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या रक्ताळलेला रुमाल तोंडाशी धरून खदाखदा हसत होत्या. नगरला दात काढून नुकत्याच मोटारीतून उतरल्या होत्या. "या, नव्या बाई! आज एक दात गेला, एक बाई आली!" नेवाशाच्या मुलींच्या शाळेत माझं स्वागत झालं ते असं.

पस्तिशीच्या, बिनलग्नाच्या, काटक मार्थाबाई कवायत शिकवायच्या. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, फट तशीच राहिली तर शेजारचे दात तिच्यात कलतील. खोटा दात बसवून घ्या. बाईंना ते मुळीच पटलं नाही. "दात काय मेंढरं हायत, मोकळं रान दिसलं की सरकायला? माझे दात रांग सोडायचे न्हाईत!"

त्यातच त्यांना शोध लागला, की त्या फटीतून झकास शीळ वाजते. लढाईचे दिवस, शाळेची शिट्टी मोडलेली आणि नवी कुठे मिळेना. बाई अशी शीळ घालत, की साठ मुली ताठ उभ्या राहत आणि रस्त्यावरचे बैलही थबकत.

फट बघायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला तिच्यात शेंगदाणा मावायचा. दिवाळीच्या सुमारास हरभरा. वर्षाने ज्वारीचा दाणाही अडकला.

"बाई, सरकलेत."

"दाणाच लई जाड हाय!"

मग तपासणीला साहेब आले. मुली रांगेत. बाईंनी छाती भरून फुंकलं, तर नुसतं फुस्स! आणि थुंकीचे तुषार थेट साहेबांच्या चष्म्यावर. बाईंची नोकरी गेली, असंच मला वाटलं. बाई मात्र मुलींकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मुलींनो, दात सरकतात. डॉक्टरांचं खरं हुतं. मी चुकले." चष्मा पुसता पुसता साहेबच आधी हसले, मग काय, सगळं मैदान हसत सुटलं.

"चूक कबूल करायची ती तोंडावर," म्हणत शनिवारी बाई नगरला गेल्या. डॉक्टर विधुर, गंभीर माणूस. संध्याकाळी बाई मोटारीतून उतरल्या त्या हसू आवरेना म्हणून माझा खांदा धरूनच.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, भांडायला पुष्कळ येतात, चुकले म्हणायला कुणी आलं न्हवतं. आणि अगं, मला मागणीच घातली!"

"मग तुम्ही?"

"म्हटलं, विचार करून सांगते." बाईंनी भर रस्त्यात गिरकी घेतली. "आणि दारापर्यंत जाऊन माघारी फिरले, हो म्हणायला!"